डाव्या भांगाचा टोप

त्र्यंबकराव कान्हेऱ्यांचं डोकं इतकं गुळगुळीत, की माशीसुद्धा बसण्याआधी विचार करते, असं ते स्वतःच सांगत. एकदा हौसेनं त्यांनी केसांचे टोप विकणारी वेबसाइट उघडली, समोर आलेल्या कुकीजच्या चौकटीत ‘मान्य’ दाबलं आणि फसले. तेव्हापासून फोनवर पंचांग उघडा, टोपाची जाहिरात. बातम्या उघडा, टोप!

पुढे त्या वेबसाइटचे मालक नगरकरशेठ गावातल्या ग्राहक मेळाव्यात भाषणाला आले. छाती फुगवून म्हणाले, “कुकीज नुसत्या सोयीसाठी असतात. कोण आलं, काय पाहिलं, आम्ही काहीएक ठेवत नाही!”

त्र्यंबकराव उठले. “अरेरे! मला एक टोप फार आवडला होता, पण कुठला ते आठवेना. डोक्यावर काही उरलं नाही, तसं डोक्यातही नाही. राहिली आता खरेदी!”

गिऱ्हाईक सुटतंय म्हटल्यावर शेठनी त्यांचा फोन घेऊन झटकन वेबसाइट उघडली. “हा बघा! डाव्या भांगाचा, तांबूस. दिवाळीपासून पुन्हापुन्हा पाहिलाय तुम्ही!”

त्र्यंबकरावांनी टकलावरून हात फिरवला.

“धन्य आहे शेठ! मला कोणत्या बाजूचा भांग शोभायचा, हे आमच्या मंडळींनाही आता आठवत नाही. आणि काहीएक न ठेवणाऱ्या तुम्हाला तो तोंडपाठ!”