फेरीचं तळं

उंबरदऱ्याच्या डोंगरमाथ्यावर एक लहानसं तळं आहे. काठाकाठाने पायवाट जाते. बेताच्या चालीने निघालं तर तोंडातलं पान संपायच्या आत माणूस पहिल्या जागी परत येतो. या वाटेवर कुणी अनोळखी माणूस तुमच्या कुत्र्याची दोरी मागू लागला, तर नवल करू नये. तो का मागतो, ते खालच्या गावातले संतूबा कोकरे पाहुण्यांना काठावरच्या कातळावर बसवून सांगतात.

फार मागे, म्हणे, गावात पिसाळलेला कोल्हा शिरला. तो काही कुत्र्यांना चावला, आणि त्यातलंच एक चावून कुंभाराची सून गेली. तहानेने तडफडायची, पण पाण्याचा तांब्या पुढे केला की किंचाळायची. साऱ्या गावाने ते पाहिलं. तेव्हा बहिर्जी पाटलांनी हुकूम काढला, की वेशीच्या आत एकही कुत्रं जिवंत ठेवायचं नाही. आपल्या घरचं राखलं असं कुणी म्हणू नये, म्हणून पहिला घाव त्यांनी स्वतःच्या कुत्र्यावर घातला. धन्याला पाहून तो शेपूट हलवत पुढे आला होता, असं सांगतात.

गावात लगमाई नावाची धनगरीण होती. नवरा गेलेला, पोरबाळ नाही. मेंढरं आणि त्यांच्यामागे फिरणारा काजळ्या कुत्रा, एवढाच तिचा संसार. कोल्हा आला तेव्हा काजळ्या तिच्याबरोबर रानात होता, पण ते कुणाला पटेना. माणसं काठ्या घेऊन दारात आली, तशी तिने त्याच्या गळ्यात दोरी बांधली आणि दुसरं टोक आपल्या कमरेला.

"मी याला वर तळ्यावर नेते," ती म्हणाली. "पिसाळला तर आधी मलाच चावेल."

पाटील म्हणाले, "मग दोघांनीही खाली यायचं नाही."

"नाही येणार."

मेंढरं दिराच्या हवाली करून ती वर गेली. कपारीत राहू लागली. रोज सकाळ-संध्याकाळ ती काजळ्याला घेऊन तळ्याला फेरी घाली. रात्री तो झोपेत गुरगुरला की ती उठून बसे. पण कमरेची गाठ तिने सोडली नाही. खालून माथ्याची कड दिसे. शिव्या देणारी माणसंही सकाळी आधी वर बघत. पुढे काळा ठिपका, मागे लुगडं. दोघं दिसली की आपापल्या कामाला लागत.

मग पावसाळा आला आणि माथा ढगात गेला. कितीतरी दिवस कुणालाच काही दिसलं नाही. शेवटी पाटील कुऱ्हाड घेऊन एकटेच वर चढले.

लगमाई काठावर बसली होती. वाळून काटकी झालेली. काजळ्या तळ्यात तोंड घालून लपालपा पाणी पीत होता. पाटील बघत उभे राहिले. पिसाळलेलं जनावर इतके दिवस जगत नाही आणि असं पाणी पीत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी कुऱ्हाड खाली ठेवली.

"लगमाई, घरी चल," ते म्हणाले. ती उठली, तसा त्यांनी हात पुढे केला. "एक फेरी मला घालू दे."

तिने कमरेची गाठ सोडली आणि दोरी त्यांच्या हातात दिली. काजळ्या पुढे, पाटील मागे. ढगातून ते दिसत नव्हते, पण पलीकडच्या काठावरून तिला हुंदका ऐकू आला. फेरी संपवून आले तेव्हा तिने काही विचारलं नाही. तिघं मिळून गावात उतरली.

आजही ज्याचा कुत्रा गेला असेल, तो या तळ्यावर येतो आणि जो कुणी कुत्रा घेऊन फिरत असेल त्याच्यापुढे हात करतो. एका फेरीपुरती दोरी त्याला द्यायची. नाव-गाव विचारायचं नाही, बरोबर चालायचं नाही, आणि तो परत येईपर्यंत तोंड दरीकडे करून बसायचं.