बांधावरची एकट्याची फेरी

अश्मक देशावर सुबाहू राजाची सत्ता होती, त्या काळची ही गोष्ट. देशाच्या कडेला पलाशग्राम नावाचे गाव एका मोठ्या तळ्याच्या बांधाखाली वसलेले होते. बोधिसत्त्व तेव्हा त्या गावात जन्मला होता आणि बांधाची राखण करता करता म्हातारा झाला होता. लोक त्याला भद्रघोष म्हणत. राजाने दिलेली वेताची काठी त्याच्या हातात असे आणि बांधाबद्दल त्याचा शब्द शेवटचा मानला जाई. मान मोठा होता खरा. पण त्या दिवसांत कोणी विचारले असते तर तो म्हणाला असता, की ही काठी कोणी घेऊन जाईल तर बरे.

त्याला दमवले होते ते बांधफेरीने. पावसाळ्याआधी गावाच्या पाच आळ्यांतून एकेक माणूस बांधाच्या बाहेरच्या पायथ्याने अनवाणी चालत जाई. प्रत्येकाने एकट्याने जायचे, आणि सगळे पिंपळाखाली जमेपर्यंत बांधाविषयी कोणाशी अक्षर बोलायचे नाही, असा जुना दंडक होता. सभेत सर्वांत लहान असेल त्याने आधी बोलायचे, थोरांनी नंतर. बांध घालणाऱ्यांना माणसांची पारख असावी. माणूस जे जपतो ते त्याला आधी दिसते. गुराख्याला गवत दिसे, कोळ्याला पाणी, कुंभाराला माती, शेतकऱ्याला पाट आणि परटाला घाटाच्या पायऱ्या. पाचही जणांचे पाहणे एकत्र केले की बांध पुरा दिसे. मात्र ते एकत्र करताना जी वादावादी चाले, तिने ऐकणाऱ्याचे डोके उठे. सकाळी बसलेली सभा दिवेलागणीला उठे, आणि उठताना निम्मे लोक एकमेकांशी बोलत नसत.

त्यात रोहक कुंभाराची भर. तो दरवर्षी एकच सांगे, "उत्तरेचं टोक कच्चं आहे. खणून पाहा." तो लहान असताना एकदा तळे उत्तरेकडून सांडले होते आणि त्या पाण्यात त्याची आई गेली होती. तेव्हापासून त्याचे डोळे उत्तरेकडेच वळत. हे सर्वांना ठाऊक होते, म्हणून लोक त्याचे ऐकत आले. रणरणत्या उन्हात गावाने उत्तरेचे टोक खणावे, कोरडी ठणठणीत माती निघावी, ती पुन्हा भरून ठोकून काढावी, आणि घाम पुसत उभ्या असलेल्या लोकांना रोहकाने सांगावे, "अजून हातभर खोल जायला हवं होतं." असे कितीतरी उन्हाळे गेले.

शेवटी लोकांचा धीर सुटला. कोळ्यांचा म्होरक्या नंदिय काही जाणत्यांना घेऊन बोधिसत्त्वाच्या अंगणात आला. नंदिय गोड स्वभावाचा होता. गावात कोणाचे बिनसले की मध्ये पडून मिटवणारा तोच.

"बाबा," तो म्हणाला, "आम्ही सगळ्यांनी एकमतानं ठरवलंय. यंदा फेरी एकत्र काढू. बोलत बोलत जाऊ, एकच काय ते उत्तर देऊ, आणि रोहकाला जरा विश्रांती देऊ. त्याच्या आळीतून त्याचा पुतण्या येईल."

"रोहकाला विचारलंत?"

"त्याला विचारलं असतं तर एकमत कसं झालं असतं?"

सगळे हसले. बोधिसत्त्वालाही हसू आले.

"बाबा, भांडणानं गाव फुटतं," नंदिय हळूच म्हणाला. "बांध काही अजून फुटलेला नाही. तुम्हाला पटत नसेल तर राजाकडे जाऊन दुसरा राखणदार मागावा, असंही काही जण म्हणतायत. मला ते नकोय."

"उद्या चाला एकत्र," बोधिसत्त्व म्हणाला. "मी वरून बघतो. मग बोलू."

ते गेल्यावर त्याची बायको उत्पला गरम पाण्याचे घंगाळ घेऊन आली. "पाय शेका," ती म्हणाली. "आणि अहो, होऊ द्या ना त्यांच्या मनासारखं. त्या रोहकाचं किती वर्षं ऐकायचं? तुम्हाला तरी खरं वाटतं का त्याचं?"

"नाही वाटत. उत्तरेला काही नाही."

"मग?"

"नंदियचं मला पटतंय, उत्पले. तेच नडतंय. खरंच पटतंय की मी नुसता दमलोय, हे मला कळेनासं झालंय."

तिने त्याच्या पायांवर पाणी घातले.

दुसऱ्या दिवशी पाचही जण निघाले. बोधिसत्त्व बांधाच्या माथ्यावरून त्यांच्या बाजूने चालला. आदल्या वर्षी पाऊस भरपूर झाल्याने उन्हाळ्यातही तळे अर्धे भरलेले होते. खाली पायथ्याला नंदिय पुढे होता आणि बाकीचे त्याच्या पावलांवर पाऊल टाकीत होते. नंदियच्या नातीचे लग्न ठरले होते, तिकडचीच बोलणी चालली होती. इतक्या वर्षांत बांधफेरीत कोणी असे मोकळे हसलेले बोधिसत्त्वाला आठवेना. त्याला ते पाहून बरे वाटले आणि थोडी भीतीही वाटली.

पिंपळाखाली त्याने एकेकाला विचारले. "बांध भक्कम आहे," पुतण्या म्हणाला. "बांध भक्कम आहे," परीट म्हणाला. शेतकरी तेच म्हणाला, गुराखीही तेच म्हणाला आणि नंदियही तेच म्हणाला.

"गवत कसं होतं?" बोधिसत्त्वाने गुराख्याला विचारले.

गुराखी गोंधळला. "गवत? तेवढं नाही पाहिलं, बाबा. लग्नाचं चाललं होतं ना."

ज्याचा जन्म गवत पाहण्यात गेला, त्याने गवत पाहिले नव्हते. बोधिसत्त्वाला गुराख्याचा राग आला नाही. त्याला एवढेच कळले, की पाच माणसे चालली होती पण पाहिले एकानेही नव्हते. नंदियच्या पायाखाली जमीन कोरडी लागली, आणि मागच्यांनी नंदियच्याच पावलांत पाय टाकले.

तो उठला. त्याचे गुडघे दुखत होते. "फेरी पुन्हा होईल," तो म्हणाला. "जुन्या पद्धतीनं, एकेकट्यानं. आणि त्यात रोहकही जाईल."

एकच गिल्ला झाला. कोणी म्हणाले म्हाताऱ्याला भ्रम झाला, कोणी म्हणाले आत्ताच राजाकडे चला. बोधिसत्त्वाने सर्वांचे ऐकून घेतले. मग त्याने हातातली वेताची काठी पिंपळाच्या पारावर ठेवली.

"ही घ्या," तो म्हणाला. "एवढी एक फेरी माझ्या म्हणण्याप्रमाणं करा. मग ही काठी हवी त्याला द्या. मी राजाला कळवतो, की मीच सोडली."

काठीबरोबर बांधालगतचे घर आणि शेतही जाणार होते. मागे उभ्या असलेल्या उत्पलेने डोळ्यांना पदर लावला. एवढी किंमत कोणी मोजत असेल तर एक फेरी काय अवघड, म्हणून लोक कबूल झाले.

दुसऱ्या दिवशी फेरी झाली, पण बांध भक्कमच आहे असे मनात धरून चौघांनी ती नुसती उरकली. पुन्हा सभा भरली. रोहक उभा राहिला आणि म्हणाला, "उत्तरेचं टोक कच्चं आहे."

आजवर कधी आवाज न चढवलेला नंदिय त्या दिवशी भडकला. "चल, दाखवतोच तुला!" असे म्हणून त्याने कुदळ उचलली आणि उत्तरेच्या टोकाला स्वतः खणले. रोहक म्हणेल तितके खोल खणले, वर आणखी हातभर खणले. माती कोरडी होती.

"बघ! याला कोरडं म्हणतात!"

"ओल आत असते," रोहक म्हणाला.

"ओल कशी असते ते आणून दाखवू तुला? थांब!"

पाटाच्या तोंडाशी जमीन नेहमी ओली असते. तिथली मूठभर माती आणून रोहकाच्या नाकासमोर धरावी, म्हणून नंदिय तरातरा निघाला. रागात असल्याने या खेपेला तो कोणाशी बोलत नव्हता आणि त्याचे डोळे फक्त ओल शोधत होते. बांधाच्या मध्यावर जांभळाच्या वठलेल्या खोडाजवळ तो थांबला. तिथे गवत हिरवेगार होते. त्याने ते बाजूला केले. बोटभर पाणी झिरपत होते, आणि ते गढूळ होते.

कोळ्याला पाणी कळते. स्वच्छ पाणी नुसते झिरपते, पण गढूळ पाणी बांधाची माती घेऊन बाहेर पडते. आदल्या दिवशी याच जागेवरून तो हसत गेला होता, आणि आज सकाळी न पाहता.

गप्प राहिला असता तर कोणाला कळले नसते. पण नंदिय ओंजळीत तो चिखल घेऊन परत आला आणि बोधिसत्त्वापुढे उभा राहिला. "बाबा," एवढेच त्याला म्हणता आले.

सारे गाव धावले. खणल्यावर दिसले, की जांभळाचे जाडजूड मूळ बांधात आतपर्यंत कुजले होते आणि त्याची पोकळ नळी झाली होती. तळे भरले असते तर त्या वाटेने बांध गेला असता आणि खालचे एकही घर उरले नसते. लोकांनी ती जागा पुरी उकरली आणि चिकण माती ठोकून भरली. माती रोहकाने आपल्या खाणीतून दिली. गाडी रिकामी करताना तो म्हणाला, "उत्तरेलाही थोडी टाकून ठेवा." या वेळी कोणी हसले नाही, आणि दोन टोपल्या उत्तरेला टाकल्या गेल्या.

त्या वर्षी तळे काठोकाठ भरले आणि बांध टिकला. लोक काठी घेऊन बोधिसत्त्वाच्या दारी आले. गुराखी तर त्याच्या पायांवर लोळला.

"ती नंदियला द्या," बोधिसत्त्व म्हणाला. "आपल्या विरुद्ध जाणारी माती त्यानं आपल्याच हातानं आणली. आणि माझं म्हणाल तर मी फार दमलोय रे."

नंदियने काठी घेतली, पण घर आणि शेत घेतले नाही. पुढच्या उन्हाळ्यात फेरी एकेकट्याने झाली. सभेत नंदियने रोहकाला पारावर आपल्या शेजारी बसवले आणि त्याचे सगळे ऐकून घेतले. भांडण दिवेलागणीपर्यंत चालले. बोधिसत्त्व घरी होता. तो गाढ झोपला होता.

शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा जेतवनाच्या विहारात सांगितली. तिथे कालक नावाचा एक वृद्ध भिक्षू प्रत्येक चर्चेत आडवा येई. त्याला संघाच्या सभेत बसू देऊ नये, अशी विनंती घेऊन भिक्षू सोमिल आला होता आणि बाकीचे त्याच्या मागे उभे होते. शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा रोहक म्हणजे हा कालक. नंदिय म्हणजे हा सोमिल, आणि त्याच्या पावलांत पाय टाकून चालणारे तुम्ही सगळे. काठी खाली ठेवणारा भद्रघोष मीच होतो. जे पटत नाही ते शेवटपर्यंत ऐकावं आणि जे सहज पटतं त्याकडे दोनदा पाहावं. हीच क्षांती, हेच खरं सोसणं, आणि प्रज्ञा तिच्याच मागून येते."

तेवढ्यात मागून कालक उठला.

"भगवन्, बाकी सगळं ठीक आहे," तो म्हणाला. "पण उत्तरेच्या टोकाचं मला अजून पटलेलं नाही."

कोणीतरी थकून सुस्कारा सोडला. सोमिलाने आपले आसन थोडे सरकवले आणि शेजारी जागा केली. "इथं बसा, भन्ते," तो म्हणाला. "सांगा."