पितळी चाकू आणि तेलाची चिंधी

ज्या काळी प्रत्येकाच्या खिशात घडीचा चाकू असे, तेव्हाची ही गोष्ट. केरोबाला असे चाकू जमवायचा छंद होता. शिंगाच्या, लाकडाच्या, पितळेच्या मुठींचे कितीतरी चाकू त्याच्या पेटीत होते. दर रविवारी तो एकेक चाकू उघडायचा आणि तेलाच्या चिंधीने पुसायचा.

त्यांत पितळी मुठीचा एक देखणा चाकू होता. तो चिंधीला म्हणाला, "तू मळकी, तेलकट. माझ्या अंगाला लागू नकोस." केरोबा त्याला उघडायला गेला की तो पाते घट्ट आवळून धरी. मग केरोबा त्याला तसाच ठेवून देई.

पावसाळ्यात चाकूच्या सांध्याला गंज चढला. एके दिवशी केरोबाने पेरू कापायला नेमका तोच काढला. पाते हलेना.

"उघडत नाही तो चाकू कशाला सांभाळायचा?" केरोबाची बायको चंद्राक्का म्हणाली. "द्या की भंगारात."

चाकू घाबरला. आता त्याने आवळून धरले नव्हते, तरी पाते सुटत नव्हते. "चिंधीताई, वाचवा मला," तो म्हणाला.

चिंधी हसली. "अंग सैल सोड. बाकीचं मी बघते."

केरोबाने चिंधी पिळून सांध्यात तेल सोडले. चिंधी गंज पुसत राहिली आणि थोड्या वेळाने पाते खट्‌कन उघडले. पेरूच्या फोडी झाल्या. चंद्राक्कानेही दोन खाल्ल्या.

केरोबा चाकू खिशात टाकू लागला, तेव्हा चाकू हळूच चिंधीला म्हणाला, "तुम्हीही चला ना. खिशात दोघांना जागा आहे."