मागच्या रांगेतलं कोपर

“तुमच्यातलं कोण गात नाहीये?”

बेनेडिक्ट रुमावने हात खाली घेत विचारलं. चर्चमध्ये गाणाऱ्यांची तालीम चालली होती, ती थांबली.

ही गोष्ट अक्षरशः खरी आहे, कुठेही शपथ घ्यायला तयार. सांगणारा स्वतः तिथे तिसऱ्या बाकावर बसला होता. म्हणजे बसायला निघाला होता. स्कूटर लावता लावता बाहेरच राहिला. पण आमच्या वसईकडच्या चर्चांच्या खिडक्या मोठ्या असतात, आणि सांगणाऱ्याचे कान त्याहून.

बेनेडिक्ट म्हणजे गावचा बेनू. चर्चमधल्या जुन्या पायपेटीवर शिकला. पायाने भाता हलवायचा आणि हाताने वाजवायचं, असली ती पेटी. शिकवणारे इनास मास्तर. तिथून उठून हा गडी युरोपातल्या थोर थोर चर्चांमध्ये ऑर्गन वाजवू लागला. तिकडचा ऑर्गन म्हणजे पेटी नव्हे, इमारतच. एकेक नळी माडाएवढी. उत्तरेकडच्या एका बंदरात बेनूने सगळ्यात खालचा सूर दाबला, तर नदीपलीकडची कबुतरं उडाली ती मैफल संपल्यावरच परतली, आणि तीही रांगेने.

पुढे तो मोठमोठ्या गायनवृंदांचा संचालक झाला. शंभर शंभर माणसं त्याच्या एका बोटावर श्वास घेत. एके ठिकाणी गाणं संपल्यावर टाळी वाजवायचा धीर कोणालाच होईना. दरवान आत डोकावून गेला, लोक आहेत की गेले ते बघायला.

सगळं झालं. पण इनास मास्तरांनी त्याला आजवर कधी ‘छान’ म्हटलं नव्हतं.

दर नाताळला तो फोन करी.

“मास्तर, पाठवलेलं रेकॉर्डिंग ऐकलंत?”

“ऐकलं.”

“मग?”

“…इकडे थंडी पडलीय. तिकडे?”

अलीकडे मास्तरांचा आवाज घोगरा येई. थंडीच असणार, असं तो समजे.

गाव सोडलं त्या दिवशीही तसंच झालं होतं. सगळ्यांनी हार घातले. मास्तर रिकाम्या हाताने आले, त्याच्या बाजूला उभे राहिले, आणि टॅक्सी दिसली तशी त्यांनी त्याला बरगडीत कोपराने ढोसलं. बेनूला वाटलं, म्हणतायत, चल, उशीर होतोय.

आता तो गावच्या सणाला आला होता. रविवारी आपल्याच गावच्या क्वायरकडून, म्हणजे चर्चच्या गायनवृंदाकडून, गाऊन घ्यायचं, आणि परदेशातली रेडिओवाली मंडळी ते रेकॉर्ड करून नेणार. शेवटी एक लांबच लांब आमेन होतं.

एवढा लांब सूर एका दमात कोणालाच जमत नाही. त्यासाठी मास्तरांनी पूर्वीच क्वायरला एक रीत लावून दिली होती. दम संपत आला की शेजाऱ्याला कोपर लावायचं. म्हणजे मी श्वासाला चाललो, तू धर. परत आलं की पुन्हा कोपर. आणि शेजारी श्वासाला गेलेला असेल तोवर आपण सोडायचं नाही, जीव गेला तरी. ऐकणाऱ्याला वाटतं, सूर एकच चाललाय. परदेशात बेनेडिक्ट हेच काम कागदावर पेन्सिलीच्या खुणा करून घेई. इथे कोपरं होती.

“मागे कुठेतरी भोक आहे,” तो म्हणाला. “एक आवाज कमी येतोय.”

“माझाच असेल रे बेनू,” पहिल्या रांगेतून फिलूमावशी म्हणाली. “काल आईस्क्रीम खाल्लं.”

“मावशी, तुम्ही पुढे उभ्या आहात. भोक मागे आहे.”

“मग आवाज मागे गेला असेल.”

“सर, मी,” मागून ग्रेगरीने हात वर केला. “मी नुसतं तोंड हलवत होतो.”

“ग्रेगरी, सगळ्यात मोठा आवाज तुझाच येतोय.”

“मग कमी करू?”

बेनेडिक्टच्या लक्षात आलं, ही मंडळी मिळून काहीतरी झाकतायत. तो मागच्या रांगेत गेला. “पुन्हा,” म्हणाला, आणि आमेन चालू असताना एकेकाच्या तोंडाशी कान नेत चालला.

रांगेच्या टोकाला, पायपेटीला टेकून, इनास मास्तर उभे होते. मान वर. छाती भरलेली. तोंड आमेनच्या आकारात.

कान जवळ नेला. आणखी जवळ…

काही नाही.

“केव्हापासून?” त्याने हलक्या आवाजात फिलूमावशीला विचारलं.

“घशाचं ऑपरेशन झालं तेव्हापासून. आवाज बोलण्यापुरता राहिलाय.”

“आणि मला कोणी सांगितलं नाही?”

“सांगून काय केलं असतंस? खुर्ची दिली असतीस.”

बेनेडिक्टची नजर खरोखरच वेदीजवळच्या खुर्चीवर गेली होती. आता मागे घेणंही बरं दिसेना. त्याने ती उचलून आणली आणि पहिल्या बाकाच्या पुढे ठेवली.

“मास्तर, रविवारी तुम्ही इथे बसा. सगळ्यांच्या समोर. तुमच्या नावानेच सुरुवात करतो.”

“का? उभं राहता येतं मला.”

“पण गाता येत नाही.”

…

शब्द परत घेता आले असते तर त्याने तेवढे घेतले असते. त्याऐवजी तो पुढे बोलत गेला.

“रेकॉर्डिंग आहे, मास्तर. जगभर ऐकतील. रांगेत एक माणूस न गाणारा असेल तर…”

“ऐकू येतो?”

“मला येतो.”

मास्तरांनी मान डोलावली. गणित बरोबर सोडवलेल्या पोराकडे बघून डोलवावी तशी.

“इकडे ये,” ते म्हणाले. “माझ्या बाजूला उभा राहा. गा.”

“मग समोरून हात कोण करणार?”

“फिलू करील. घरच्यांना एवढी वर्षं तीच नाचवतेय.”

“करते की,” फिलूमावशी म्हणाली, आणि पर्स खुर्चीवर टाकून समोर जाऊन उभी राहिली.

रांगेत उभं राहून बेनेडिक्टला कितीतरी वर्षं झाली होती. जगातल्या कुठल्याही क्वायरमध्ये तो रांगेच्या समोर असे. इथे एका बाजूला ग्रेगरीचा घामट खांदा आणि दुसऱ्या बाजूला मास्तरांची काठीसारखी दंडाची हाडं.

आमेन उठलं. छताला लागलं. पसरलं.

आणि बरगडीत कोपर लागलं.

बेनेडिक्टने सूर धरला. शेजारी श्वासाला गेलाय. परतीचं कोपर येईपर्यंत सोडायचं नाही. लहानपणी लागलेली सवय, अंगात होतीच.

सूर धरून तो वाट बघत राहिला.

छाती अर्धी झाली. रिकामी झाली. गळ्याच्या शिरा वर आल्या. शेजारी मास्तर शांत उभे होते, मान वर, तोंड उघडं. कोपर येईना.

डोळ्यांपुढे काजवे चमकले. त्या काजव्यांत त्याला हार दिसले, वळणावरून येणारी टॅक्सी दिसली… आणि ढोसलं होतं ते कोपर. हीच बरगडी. हीच जागा.

सूर तुटला. तो गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत राहिला. फिलूमावशीचे हात हवेत तसेच राहिले.

मग बेनेडिक्टने खुर्चीवरची पर्स मावशीकडे दिली, खुर्ची उचलली आणि जिथली तिथे नेऊन ठेवली.

रविवारी मास्तर मागच्या रांगेत उभे राहिले. रेकॉर्डिंग देशोदेशी गेलं. अजून तरी कोणाला भोक ऐकू आलेलं नाही. आणि सगळं आटोपल्यावर मास्तरांनी बेनूच्या पाठीवर हात ठेवला नि म्हणाले, “छान.”

…

शपथ घेतलीच आहे, तर सांगून टाकलेलं बरं. कबुतरं खरी. आईस्क्रीमही खरं. तेवढं ‘छान’ पदरचं आहे. एवढी वर्षं वाट पाहिलेल्या माणसाला ते मिळावं असं वाटलं, म्हणून घातलं.

इनास मास्तर बोलले ते तालमीतच, तो धापा टाकत होता तेव्हा. तोंड त्यांचं अजून आमेनच्याच आकारात होतं. ते त्यांनी सावकाश मिटलं आणि म्हणाले,

“मी अजून श्वास घेतोय, बेनू. तू का सोडलास?”