सोनकीच्या कपाळावर काय लिहिलं होतं

एकदा काय झालं, डोंगराखालच्या एका गावात हौसा आणि भिवा नावाचे नवरा-बायको राहायचे. बांबूच्या टोपल्या विणायचे. त्यांना एकच लेक, सोनकी. सहा वर्षांची झाली तरी सोनकी मान धरत नव्हती, चालत नव्हती, बोलत नव्हती. हौसा तिला बोटाने पेज चाटवायची. एका वाटीला दुपार सरायची. पण भिवाने बांबू फोडला, कडाड् आवाज झाला, की सोनकी खुदकन हसायची. ते ऐकायला भिवा उगाच जास्तीचे बांबू फोडायचा, बरं का.

बाळ पाच दिवसांचं झालं की सटवाई येते आणि त्याच्या कपाळावर नशीब लिहिते. तिच्यासाठी कागद-लेखणी ठेवायची असते. शेजारची जनाकाकू म्हणायची, हौसाने लेखणी ठेवलीच नाही, आईचं पाप लेकीला भोवलं. हौसाने ठेवली होती. पण सहा वर्षं तेच ऐकून तिलाही वाटायला लागलं, खरंच ठेवली होती का मी?

मग गावची गुरं आजारी पडली. तळं घाण झालं होतं. ते उपसायचं काम पाटलाचं, आणि पाटलाने ते केलं नव्हतं. मग पाटील चावडीवर बसून म्हणाला, हा त्या पोरीचा शाप आहे. डोंगरावरच्या सटवाईकडून तिचं नशीब बदलून आणा, नाहीतर तिला तिथेच सोडून या. मोठी माणसं चुकली की आधी लहानांकडे बोट दाखवतात.

भिवा म्हणाला, आपण गावच सोडू. हौसा म्हणाली, सटवाईवर माझा भरवसा आहे. आधी तिला विचारून येते.

मग तिने सोनकीला टोपलीत बसवून टोपली पाठीला बांधली. पहिल्या दिवशी काटेरी रान लागलं, लुगडं फाटलं. दुसऱ्या दिवशी ओढा लागला, पाणी गळ्याशी आलं. तिसऱ्या दिवशी कडा लागला. गुडघे फुटले, आणि हौसाच्या मनात आलं, किती हे ओझं.

वर शेंदूर फासलेल्या दगडांपाशी सटवाई बसली होती. हौसा म्हणाली, "बाई, हिचं नशीब पुन्हा लिही."

"आधी वाचू तर दे," सटवाई म्हणाली. "मी काय लिहिलंय ते सगळं गाव सांगतं. विचारायला कुणी येत नाही."

तिने सोनकीची मान अलगद हातावर घेतली आणि वाचलं, "ही चालणार नाही. बोलणार नाही. पोटभर हसेल. हिला मी नीट विचार करून हौसाच्या घरी धाडते आहे."

"एवढंच?"

"माझं एवढंच. वरची ही खरड माझी नाही."

मग सटवाईने पदराने एक शब्द पुसला. 'शाप'. मग दुसरा पुसला. 'पाप'. मग तिसरा. 'ओझं'. म्हणाली, ज्याचं त्याला परत.

हौसाने खाली बघितलं. तिचं स्वतःचं बोट शाईने काळं झालं होतं.

ती खूप रडली. वाटेत ओढ्यावर बोट घासलं, राखेने चोळलं. जाईना. घरी येऊन तिने तसंच सोनकीला पेज भरवायला घेतलं. दुपार सरली, वाटी संपली, आणि बघते तर बोट स्वच्छ.

गावात जनाकाकूचं बोट काळं झालेलं. पाटलाचा तर अख्खा पंजा. हौसा सरळ चावडीवर गेली.

"पाटील, नशीब बदललं नाही. त्यात चूक नव्हती. हात धुवायचा असेल तर दुपारी घरी या. वाटीभर पेज भरवावी लागेल. घाई चालत नाही."

जनाकाकू दुसऱ्याच दिवशी आली. पाटील मात्र महिनाभर उपरण्यात हात लपवून हिंडला. मग निमूटपणे तळं उपसलं, गुरं बरी झाली. आणि मग एका दुपारी तो हौसाच्या ओसरीवर येऊन बसला. सोनकीने पहिलीच पेज त्याच्या मिशांवर उडवली. तो चिडला नाही. बसूनच राहिला. उठला तेव्हा गुरं घरी परतत होती.

काय रे? सोनकी मग चालायला लागली का? नाही. चालली नाही, बोलली नाही. मोठी झाली, पोटभर हसली, आणि तिला डोंगरावर सोडा असं पुन्हा कुणी म्हणालं नाही. सगळी सुखात राहिली. चला, पाय पांघरुणात घ्या आणि डोळे मिटा.