केरबा पिल्लू पारखतो

एका गावात केरबा नावाचा माणूस राहायचा. तो इतका भोळा, की गावातले बाकीचे भोळे त्याच्याकडं बघून स्वतःला शहाणे समजत. डोकं सोडलं तर त्याच्या अंगात सगळीकडं ताकद होती.

त्याची मुलगी हौसा लग्नाची झाली होती. गुरुवारी तिला बघायला सर्जेराव येणार होता. हौसानं त्याला जत्रेत आधीच बघून ठेवलं होतं आणि तिला तो फार आवडला होता. पाहुण्यांच्या रश्श्यासाठी कोंबड्या राखल्या होत्या, पण कोल्हा त्या पळवू लागला.

"राखणीला कुत्र्याचं पिल्लू आणा," केरबाची बायको सगुणा म्हणाली. "बिरू धनगराच्या कुत्रीला झाल्यात. पण नीट बघून आणा. घरात कुणी नवं आणायचं म्हंजे चार गोष्टी विचाराव्या लागत्यात."

केरबा गेला. घोंगडीवर बसला. एक पिल्लू पुढं आलं.

"नाव काय?" केरबानं विचारलं. "मामाचं गाव कुठलं? भाकरी थापता येती का?"

पिल्लानं त्याचा अंगठा चाटला. केरबा उठला, धनगराला रामराम केला आणि रिकाम्या हातानं घरी आला.

"पिल्लू कुठंय?"

"गुणाचं हाय. मान वर करून बोललं न्हाई. घरी विचारून कळवतो म्हटलंय."

त्या रात्री एक कोंबडी गेली. सगुणानं कपाळाला हात लावला.

"अवो, पिल्लाला विचारायचं नसतं! कानापाशी टाळी वाजवायची. दचकलं न्हाई तर चांगलं. मानगूट धरून उचलायचं. केकाटलं न्हाई तर चांगलं. मग भाकरीचा तुकडा टाकायचा. खाल्ला, की पसंत!"

"एवढंच व्हय?" केरबा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो गेला तर पिल्लं आईला बिलगून झोपलेली. त्यांना उठवणं केरबाच्या जिवावर आलं. शेजारी एक करडू जागं होतं. त्यानं टाळी वाजवली. करडू दचकलं नाही. मानगूट धरून उचललं. केकाटलं नाही. भाकरी टाकली. ती खाऊन वर केरबाच्या पटक्याचं टोकही खाल्लं.

"लई हुशार," म्हणत केरबानं ते आणून घरात सोडलं.

करडानं हौसाचं पाहुण्यांपुढं नेसायचं लुगडं खाल्लं. कोल्ह्यानं आणखी एक कोंबडी खाल्ली.

"घरात कशाला सोडलंसा?" सगुणा कडाडली. "पसंत पडलं, की तसंच न्हेऊन खुराड्याला बांधायचं! आता उद्या पाहुणा येतोय. निदान त्याला तरी नीट पारखून घ्या. सांगितलेलं ध्यानात हाय न्हवं?"

"समदं ध्यानात हाय."

हे हौसानं ऐकलं. तिनं मैत्रिणीकरवी सर्जेरावाला निरोप धाडला, "आबा काय बी करू देत, हूं का चूं करायचं न्हाई."

गुरुवारी सर्जेराव आला. त्याचे मामा मागून बैलगाडीनं येत होते. याला दम निघेना, म्हणून हा पुढं आला. केरबानं त्याच्या कानापाशी टाळी वाजवली. सर्जेराव दचकला नाही. केरबानं मानगूट धरून त्याला उचललं. डोळ्यांत पाणी आलं, पण तो केकाटला नाही. केरबानं पुढ्यात भाकरीचा तुकडा टाकला. सर्जेरावानं दाराआड बघितलं. हौसानं हात जोडले. त्यानं तुकडा मुकाट्यानं खाल्ला.

"पसंत!" केरबा ओरडला.

हौसा लाजून परसात पळायची ती आनंदानं चुलीपुढंच जाऊन बसली. सगुणा साखर आणायला धावली. वाटी घेऊन बाहेर येते, तर ओसरीवर फक्त सर्जेरावाचे जोडे.

"अवो, जावई कुठं हाईत?"

"खुराड्याला बांधलाय," केरबा म्हणाला. "आता येऊ दे कोल्हा. अजून भुंकत न्हाई, पण ल्हान हाय. शिकंल."