दोन थर आणि मधला सांधा

माणसांनी डोंगराला भोकं पाडायला नुकती सुरुवात केली होती, तेव्हाची गोष्ट. डोंगराच्या पोटात दोन जावा राहायच्या. खाली थोरली, कडक दगडाचा थर. तिच्यावर धाकटी, मऊ चिकणमातीचा. थोरलीनं धाकटीला कधी अंगाला लागू दिलं नाही, म्हणून मधला सांधा सैलच राहिला. त्याच सांध्याच्या टोकाला दोघींचा लाडका झरा होता.

एक दिवस थोरलीच्या पोटात माणसांचा लोखंडी नळ घुसला. धाकटीला धडकी भरली.

"जाऊबाई, नळातून दाबाचं खारट पाणी येतंय. मला घट्ट चिकटा. झऱ्याचं कसं होईल हो?"

"तुला चिकटू? चिखल कुठली! अख्खा डोंगर डोक्यावर पेलते मी."

"ओझं वरून येतं. हे आडवं घुसेल."

"गप बस!"

पाणी सुटलं. थोरलीला तडा गेला, तो वर चढत सांध्यापाशी आला. पण पाण्याला आता कुणाला फोडायची गरजच नव्हती. मधल्या आयत्या वाटेनं ते झऱ्याकडे पळालं.

झरा खारट झाला. पाखरं चोच बुडवून उडून गेली.

थोरली रडत धाकटीला चिकटायला गेली.

"या जाऊबाई," धाकटी म्हणाली, "पण आता मध्ये ते पाणी बसलंय."